तिचं नाव मी घेत नाही

फोन आला तेव्हा मी दाराला कुलूप लावत होते. एका हातात डबा, खांद्याला पर्स, आणि त्यातच अनोळखी नंबर. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या बाईला सकाळी सकाळी कोण फोन करणार? प्रॅक्टिकलचे मार्क वाढवा म्हणणारे पालक! मी जरा करड्या आवाजातच ‘बोला’ म्हटलं. पलीकडे कुणी पुरुष होता, आवाज तुटत होता. त्यानं एका बाईचं नाव घेतलं, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं, आणि म्हणाला, “काल गेली जी. ईज पडली आंगावर.” मी म्हटलं, “अरेरे... कोण या?” तो गडबडला. “आमच्या गावची जी. तुमाले यावं लागते. माती थांबवून ठेवली हाय.” आणि रेंज गेली. मी मनात म्हटलं, राँग नंबर दिसतोय, कोण होती बिचारी कोणास ठाऊक. मग ऑटोत बसून कॉलेजला गेले, नद्यांच्या खोऱ्यांवर एक तास घेतला, मागच्या बाकावरच्या पोराची जरा फिरकीही घेतली. वर्ग हसला. मीही हसले. आणि तिकडे अंगणात जी पडून होती, ती माझी भोजली होती.

हे सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. इतक्या वर्षांची मैत्रीण आणि नाव ऐकून ओळखलं नाही? नाही ओळखलं. आपल्याकडे छत्तीसगढच्या हद्दीला लागून जी गावं आहेत, तिथं काही घरांत ही रीत आहे. दोन मुली एकदा भोजली झाल्या की जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती ‘भोजली’ म्हणूनच. मी तिचं नाव शेवटचं घेतलं तेव्हा मला दुधाचे दात होते म्हटलं तरी चालेल. घरचे माझ्यासमोर तिला ‘रोशनीची माय’ म्हणायचे, माझ्या फोनमध्ये ती ‘भोजली’ होती, आणि सासरचं आडनाव लग्नाच्या पत्रिकेवर एकदा वाचलं असेल तेवढंच. त्या माणसानं घेतलेलं ते सगळं लांबलचक नाव माझ्या कानाला परक्या बाईचं वाटलं. हे ज्या पुरवणीत छापून येणार, तिच्या संपादकांनीही विचारलं, फोटोखाली नाव काय टाकायचं? म्हटलं, फोटोच टाकू नका.

माझे बाबा बोअरिंगवाले. शेतातलं बोअरिंग नव्हे. जमिनीखाली कोळसा आहे की आणखी काही, ते खोल भोक पाडून बघणाऱ्या एका कंपनीत ते होते. मशीन जिथं उभी राहील तिथं आमचं बिऱ्हाड. भद्रावतीला मला पहिलीत घातलं, बल्लारपूरला शाळेचा दाखला पोचेपर्यंत आम्ही थेट सिरोंच्याला. तिथली पोरं तेलुगूत भांडायची, तेलुगूतच खेळायची, आणि मला थोडं समजायला लागलं तोवर ट्रक पुन्हा दारात. आई एक दिवस वैतागली. “पुरे झाला हा दाखल्यांचा तमाशा. मीच शिकवते हिला!” आई डी.एड. झालेली, पण असल्या फिरतीत नोकरी कसली करते? तिची अख्खी शाळा मग माझ्या एकटीवर कोसळली. तांब्यावर चमचा आपटून घंटा व्हायची. प्रार्थना असायची. मधली सुट्टीही असायची, आणि त्या सुट्टीत बाहेर जाऊन खेळायचं असा आईचा कडक हुकूम होता. कुणाशी खेळायचं, ते मात्र वेळापत्रकात नव्हतं.

मशीन जमिनीतून दगडाचे गोल, लांबट तुकडे काढायची. लाकडी पेट्यांत ते ओळीनं मांडून ठेवत, कारण कुठला तुकडा किती खोलातला यावरच सगळं काम चालायचं. एका दुपारी मी त्या पेट्या रिकाम्या केल्या आणि अंगणात दगडांचा वर्ग भरवला. गुळगुळीत ते हुशार, पुढे. तुटके, भुरभुरणारे ते मागे. प्रत्येकाला नाव दिलं, हजेरी घेतली, एका काळ्या दगडाला कोपऱ्यात उभंसुद्धा केलं. बाबा आले आणि मटकन पायरीवर बसले. कितीतरी दिवसांचं काम मातीत गेलं होतं. त्यांनी हात उगारला, मग विचारलं, “हे काय चाललंय तुझं?” मी म्हटलं, “हे माझ्या वर्गातले आहेत.” त्यांचा हात खाली आला. त्या दिवशी आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही. मला वाटलं, दगड इकडचे तिकडे झाले म्हणून.

त्यानंतर मशीन लागली ती कुरखेड्याच्या पुढे, कोरचीच्या वाटेवरच्या एका गावात. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीला लागून ढिवर मासेमारांची घरं, आणि त्याच आळीत आमचं भाड्याचं घर. पहिल्याच आठवड्यात आई मला वऱ्हांड्यात बसवून पाढे म्हणवून घेत होती. कुंपणापलीकडे माझ्याच वयाची एक मुलगी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन येऊन थांबली. आई म्हणाली, “मासे नकोत गं आज.” ती हलेना. म्हणाली, “मी मासे इकाले नाई थांबली. हे पोट्टी एकटीच काऊन वरडून राह्यली, ते पाहून राह्यली.” आईला हसू आलं. “शाळा भरली आहे तिची.” त्यावर तिनं वऱ्हांडाभर नजर फिरवली, दाराआडही वाकून पाहिलं. “अन् बाकीचे पोट्टे कुठी गेले?” आई पुढचा पाढा सांगायला लागली. मी मात्र पाढा सोडून त्या मुलीकडे बघत बसले, आणि ती निर्लज्जासारखी माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी ती टोपलीशिवाय आली आणि माझ्या शेजारी फतकल मारून बसली. आईनं तिला हाकललं, म्हणाली, आधी गावच्या शाळेत जा, ती सुटल्यावर ये. मग शाळा सुटली की धावत यायची. पाढे सगळे चुकवायची, पण असल्या दणदणीत आवाजात चुकवायची की रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटावं, हीच बरोबर असणार. बदल्यात मला तिनं तलावावर नेलं. “एवढी मोठी घोडी अन् तुले पवता येत नाई? बाप्पा!” तेलाचा रिकामा डबा माझ्या पोटाला बांधला आणि विचारायच्या आत मागून ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, मी किंचाळले, “मी मेले असते तर?” ती पाळीवर पोट धरून हसत होती. “मेली असती तं तुया मायले सांगतलं असतं, साताचा पाढा म्हनता म्हनता मेली.” मी तिला मारायला धावले आणि दोघी चिखलात पडलो. त्याआधी मला कुणी चिडवलंच नव्हतं हो. भांडायलाही माणूस लागतं, हे मला तेव्हा कळलं.

तिची माय लग्न होऊन छत्तीसगढमधून आलेली. श्रावणात ती घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत गहू पेरायची, हळदीचं पाणी घालायची, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळेधमक कोवळे अंकुर बायका-पोरी गाणी म्हणत तलावात सोडायच्या. थोडे अंकुर मागे ठेवायचे. ज्या दोघींना भोजली व्हायचं, त्यांनी ते एकमेकींच्या कानामागे खोचायचे. तिनं मला सांगितलं, आपण व्हायचं. मी म्हटलं, नको. खरंच नको होतं मला. “आम्ही जाणार आहोत.” “कुठी?” “मशीन जाईल तिथं.” “मंग का झालं? मशीनसंग का भोजली करून राह्यलीस तू?” आईलाही धास्ती वाटली. तिनं त्या मुलीच्या मायला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “बाई, आमचं काही खरं नाही. आज इथं, उद्या तिथं. उगाच पोरीचा जीव गुंतवून ठेवू नका. मागाहून मलाच निस्तरावं लागतं.” तिची माय टोपलीतली माती झटकत होती. म्हणाली, “जाऊ द्या ना जी. पोरगी लगन होऊन जाते तं का मायले इसरते?” एवढंच. मग कानामागे काहीतरी थंडगार, ओलं खोचलं गेलं, त्याचं पाणी फ्रॉकच्या आत ओघळलं, आणि मी शहारले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती झाडामागे लपून मला चिडवत होती, “घे नाव, घे! नाव घेतलं तं मी ओ देनार नाई!” मी दातांखाली जीभ धरून नुसती तिच्यामागे धावत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रक आला. आली नाहीच ती निरोपाला. तलावाच्या पाळीवर आमच्याकडे पाठ करून बसली होती, मला ट्रकमधून दिसत होती. मी समजले, संपलं. सवय होती मला. आणि काही महिन्यांनी भद्रावतीच्या आमच्या दारात तिचा बाप उभा, मागे ती, हातात सुक्या झिंग्यांचा डबा. वास असा की शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली. आई चकित. पत्ता कुणी दिला? तर कुरखेड्याच्या धाब्यावर बोअरिंगचे ट्रक थांबत, तिथं ही रोज उभी राहून ड्रायव्हरांना विचारायची, मशीन आता कुठं गेली. बापाच्या डोक्याचा पार भुगा केला तेव्हा त्यानं एसटी धरली. “किती दिवस झाले, तू आली नाई. मंग मीच आली,” असं तिनं मला रागावून सांगितलं. त्यानंतर आम्ही जिथं जिथं बिऱ्हाड मांडलं तिथं ती एकदा तरी येऊन गेली. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावी दिली, तेव्हा परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर तीच बसली होती, आणि पेपर देऊन आलेल्या पोरींना सांगत होती, ही माझी भोजली, ही कधी शाळेत गेलीच नाही, तरी तुमच्याहून हुशार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं!

पुढं तिचं लग्न तिथंच जवळच्या गावात झालं. मी शिकले, नोकरीला लागले. माझं लग्न टिकलं नाही. ते कळल्यावर ती धान कापणी अर्धी टाकून आली आणि माझा स्वयंपाकघराचा ओटा घासत बसली. घासता घासताच म्हणाली, “नवरा गेला तं जाऊ दे. भोजलीत सोडचिठ्ठी नसते.” आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. तिचे आई-बाप एकामागून एक गेले. भाऊ-बहीण कुणी नव्हतंच. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. बाजाराच्या दिवशी मासळी विकायची, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्याच्या सात पिढ्या काढायची. ती गेली त्याच्या आदल्या रविवारीच आम्ही फोनवर बोललो होतो. रोशनीला नर्सिंगला घालायचं म्हणत होती. मी म्हटलं, धान कापून झालं की दोघी या, आपण चौकशी करू. “येतो ना व, मरून थोडीच राह्यली मी!” असं म्हणाली. ती नेहमीच तसं बोलायची. कोण लक्ष देतं?

आणि ऊन होतं हो त्या दिवशी. परतीचा पाऊस म्हणावा तर गावावर ढगसुद्धा धड नव्हता. शेळ्यांसाठी गवत कापायला ती शेताच्या बांधावर गेली, बरोबर शेजारची एक बाई. कुठूनसा एक ढग आला, थेंबही पडला नाही, नुसता विजेचा कडाका. शेजारच्या बाईच्या कानात अजून घूं घूं होतं, बाकी तिला खरचटलंसुद्धा नाही. हे मी आता सरळ ओळीत लिहिते आहे, पण तेव्हा मला हे तुकड्यातुकड्यांत कळत गेलं. तास संपवून स्टाफरूममध्ये आले, तर गावाहून रोशनीचा फोन. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून. “भोजलीमाय, निघालीस का? बलावलं होतं नं तुले सकाळी? माहेरचं लुगडं आल्याबिगर आजी मायले उचलू देत नाई. सारे थांबले हायेत.” मी विचारलं, “कुणाला उचलू देत नाही?” खरंच विचारलं मी असं. त्या पोरीला तोंडानं उत्तर द्यायला लावलं. मग सकाळचं ते लांबलचक नाव एकेका शब्दानं माझ्या डोक्यात परत आलं...

एका सहकाऱ्यानं गाडी काढली. वाटेत वडसाला साड्यांच्या दुकानात थांबलो. दुकानदार हसून म्हणाला, “या ताई. नव्या सुनेसाठी का?” त्यानं पदर उलगडून काठ दाखवला, कुठला रंग देऊ विचारलं. हिरवा की लाल, मला काही सुचेना. मी फोन काढला आणि तिलाच लावला. विचारावं म्हटलं, रंग कुठला घेऊ. रिंग वाजत राहिली, आणि तिसऱ्या-चौथ्या रिंगला माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे. तरी मी फोन बंद केला नाही. घरी पडलेला तो फोन अखेर कुणी पोरानं उचलला, “कोन व्हय?” म्हणाला. मी ठेवून दिला. दुकानदाराला म्हटलं, हिरवी बांधा. त्यानं पिशवी माझ्या हातात न देता गाडीपर्यंत आणून दिली.

अंगण माणसांनी भरलेलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. एका मुलानं प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली आणि मी बसले. तिची सासू आतून तरातरा आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र खणखणीत. “खुर्चीवर काऊन बसली व? पाव्हनी हायेस का तू? लुगडं आन इकडं. तुयाबिगर तिचं माहेर कोन हाय दुसरं?” मी उठले. अंगणातच एका बाजूला बायकांनी आडोसा धरला होता. निऱ्या तूच घाल म्हणाल्या. तिचा चेहरा पाहायला मी घाबरले होते, पण त्यावर तसं काही नव्हतं. झोपमोड केली तर दोन शिव्या हासडेल, अशी पडली होती. मी निऱ्या घातल्या. नीट आल्या नाहीत. मला रडू येईना आणि सगळ्या बायकांना वाटलं, ही शिकलेली, म्हणून धीराची. धीर कसला! मला अजून खरंच वाटत नव्हतं. आज हे लिहितानाही पुरतं वाटत नाही.

परत आल्यावर मी आमच्या घरातलं जुनं औषध काढलं. आमच्याकडे काही बिनसलं की सामान बांधायचं. नागपूरच्या एका कॉलेजात जागा निघाली होती, मी होकार कळवला, घरमालकांना महिन्याची सूचना दिली, किराणा दुकानातून खोकी आणली. पुस्तकं आधी, मग भांडी. हात सराईतासारखे चालत होते, आणि दोरी आवळताना बरं वाटत होतं, कसलं बरं ते विचारू नका. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात रोशनी, खांद्याला बॅग, एकटी. न कळवता. मी म्हटलं, “अगं, फोन तरी करायचा.” “मामाच्या घरी का फोन करून येतेत?” असं म्हणत ती आत आली आणि खोकी बघून थबकली.

“हे का व, भोजलीमाय?”

“घर सोडतेय. नागपूरला जायचंय.”

बॅग खांद्यावरच. ती भिंतीला टेकून उभी राहिली, अगदी लहान मुलीसारखी. गावातली सगळी पोरं मामाकडे गेली, आजीनं सकाळीच विचारलं, तुला नाही जायचं का? मग ती निघाली, हे तिनं नंतर जेवताना सांगितलं. तेव्हा मात्र एवढंच विचारलं, “मंग मी दिवाळीले कुठी येऊ? मले हाच रस्ता ठाव हाय.”

मला, जिला स्वतःला कधी गाव नव्हतं तिला, ती पोरगी हे विचारत होती. दुकानात न आलेलं, अंगणात न आलेलं रडू मला तिथं आलं, हॉलच्या मधोमध, हमसून हमसून. रोशनी घाबरली, पाणी आणायला धावली, आणि ग्लाससुद्धा बांधून ठेवलेला म्हणून ओंजळीतच पाणी घेऊन आली. डोळे पुसून मी म्हटलं, बस, आधी काहीतरी खाऊ. ताटं भांड्यांच्या खोक्यात पार तळाशी गेली होती. दोरी सोडून मला ते खोकं सगळंच रिकामं करावं लागलं, आणि हात लागलाच होता म्हणून मग बाकीचीही.